आश्रयकुंडातील दिवा

चंडीगडच्या आंतरराष्ट्रीय विमानतळालगत, मोहालीच्या हद्दीत, एयरोसिटी नावाची जी नवी वसाहत उभी राहिली आहे, तेथून समुद्र जवळात जवळ म्हटला तरी सुमारे हजार किलोमीटर दूर आहे. असे असूनही त्या वसाहतीच्या ईशान्येस, हिमाचल प्रदेशातील सोलन जिल्ह्यात, सुबाथू नावाच्या गावाच्या परिसरातील खडकांत सागरी प्राण्यांचे अवशेष विपुल सापडतात. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी, हिमालय उभा राहत असता, टेथिस समुद्राचे उथळ पाणी तेथवर पोहोचलेले होते. त्या अवशेषांपैकी नाण्याच्या आकाराचे न्युम्युलाइट हे एकपेशीय प्राणी विशेष प्रसिद्ध आहेत. त्यांचे जे सगोत्र आजच्या उष्ण समुद्रांत जिवंत आहेत, ते आपल्या देहात सूक्ष्म शैवालांना आश्रय देतात व त्यांनी सूर्यप्रकाशात तयार केलेल्या अन्नावर बहुतांशी जगतात. प्रवाळाची जीवनरीतीही हीच होय. तात्पर्य, या कोरड्या प्रदेशातही उथळ समुद्र, शैवाल आणि प्रकाश यांचा संसार एके काळी नांदून गेला आहे.

आज तोच संसार एखाद्या हौशी गृहस्थाच्या दिवाणखान्यात, दोनशे लिटरांच्या काचेच्या टाकीत, पुन्हा मांडता येतो. शुद्ध केलेल्या पाण्यात योग्य क्षार मिसळून समुद्राचे पाणी कृत्रिम रीतीने तयार करता येते. पंपाने प्रवाह निर्माण करता येतो. दिव्यांनी सूर्याची उणीव भरून काढता येते. परंतु या सर्व साधनांच्या यादीत जी वस्तू सर्वांत शेवटी लिहिली जाते, आणि पैसे संपले तर प्रथम खोडली जाते, ती म्हणजे मुख्य टाकीशेजारच्या लहानशा आश्रयकुंडातील दिवा. या दिव्याचे स्थान यादीच्या आरंभी असावयास हवे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते का, हे या पुस्तिकेत सांगावयाचे आहे.

प्रथम आश्रयकुंड म्हणजे काय ते पाहू. प्रवाळांची टाकी पाळणारे लोक ज्यास ‘रिफ्युजियम’ म्हणतात, ते मुख्य टाकीला नळ्यांनी जोडलेले एक लहान कुंड असते. दोहोंचे पाणी एकच; ते सतत एकीतून दुसऱ्यात फिरत राहते. मात्र आश्रयकुंडात मासे नसतात. त्यामुळे ज्या वनस्पतींचा व बारीक कवचधारी प्राण्यांचा मासे एरवी फडशा पाडतील, त्यांना तेथे निर्धास्तपणे वाढता येते. म्हणून त्यास आश्रयाचे कुंड म्हणावयाचे. त्यात मुख्यतः मोठ्या जातीचे सागरी शैवाल ठेवतात. हिरव्या तारेच्या गुंतवळीसारखे दिसणारे कीटोमॉर्फा हे त्यांतील सर्वांत सोयीचे होय.

हे शैवाल कशासाठी? समुद्रात मासा जे खातो व टाकतो, ते अफाट पाण्यात पसरून जाते आणि अन्य जीवांच्या उपयोगी पडते. टाकीत तसे घडत नाही. अन्नातील प्रथिनांमधील नत्र प्रथम अमोनियाच्या रूपाने पाण्यात येतो. हा पदार्थ प्राण्यांस विषारी असतो. सुदैवाने वाळूत व दगडांत राहणारे जिवाणू त्याचे नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्रेट तुलनेने सौम्य खरे, पण त्याची वाट तेथेच खुंटते. दररोज अन्न टाकले जाते व दररोज नायट्रेट वाढते. त्याच्याबरोबर स्फुरदाचे क्षार, म्हणजे फॉस्फेटही वाढतात. काही आठवड्यांतच काचेवर व दगडांवर नको असलेले बारीक शेवाळ चढू लागते, प्रवाळ आपली अंगे आखडून घेतात, आणि धन्याला कळत नाही की चुकले कोठे. चूक एवढीच की, त्याने घरात पाहुणे आणण्याची तयारी केली, परंतु मोरीची व्यवस्था केली नाही.

आश्रयकुंडातील शैवाल ही ती व्यवस्था होय. वाढताना ते पाण्यातील नत्र व स्फुरद शोषून आपल्या देहात साठविते. ते वाढले की काही भाग कापून बाहेर काढावयाचा. त्याबरोबर साठलेला मळही बाहेर जातो. हे कार्य प्रकाशावाचून मुळीच घडत नाही. म्हणून आश्रयकुंडातील दिवा शोभेचा नव्हे, त्या टाकीच्या आरोग्याचा दिवा आहे.

ही कल्पना अगदी अलीकडची नाही. इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये जिवंत दगड, समुद्राचे पाणी व हवेचे बुडबुडे एवढ्याच साधनांनी सागरी टाकी चालविण्याची आपली रीत प्रसिद्ध केली. पुढे वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेतील वॉल्टर एडी यांनी प्रवाळखडकाची प्रतिकृती उभारताना शैवालाकडून पाणी शुद्ध करून घेण्याच्या पद्धतीचा कसून अभ्यास केला. यंत्रांपेक्षा सजीवांच्या परस्परसंबंधावर भिस्त ठेवावी, हा या दोघांच्या कामातील समान धागा आहे. मुंबईत १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय उघडले, तेव्हा त्याच्या दारातच समुद्र होता. एयरोसिटीतील टाकीला तसा शेजार नाही. तिला समुद्राचे काम स्वतःच करावे लागते, आणि म्हणूनच तेथे या विचाराचे महत्त्व अधिक आहे.

आता दिवा कोणता असावा, हा प्रश्न. याचे उत्तर शोधण्यासाठी बाजारातील जाहिरातींपेक्षा एका जुन्या प्रयोगाकडे पाहणे बरे. जर्मन शास्त्रज्ञ एंगेलमान यांनी १८८० नंतरच्या काही वर्षांत हिरव्या शैवालाच्या तंतूवर लोलकातून निघालेला सप्तरंगी पट्टा पाडला आणि त्याच पाण्यात प्राणवायूच्या शोधात फिरणारे जिवाणू सोडले. हे जिवाणू तांबड्या व निळ्या प्रकाशाच्या जागी गर्दी करून जमले. हिरव्या प्रकाशाच्या जागी थोडेच राहिले. याचा अर्थ, तांबड्या व निळ्या किरणांतच शैवाल अधिक प्राणवायू सोडत होते. आपल्याकडील शालेय पुस्तकांत वर्णिलेल्या या प्रयोगातील शैवाल क्लॅडोफोरा हे होते, आणि आश्रयकुंडातील कीटोमॉर्फा हे त्याच कुलातील आहे. तेव्हा हा प्रयोग जणू आपल्याच कुंडासंबंधी आहे असे म्हणावयास हरकत नाही.

हरितद्रव्य सुमारे ४३० ते ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश आणि सुमारे ६४० ते ६८० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश विशेषेकरून शोषून घेते. समुद्रात मात्र तांबडा प्रकाश फार खोल जाऊ शकत नाही. पाणी त्यास पहिल्या काही मीटरांतच गिळून टाकते. प्रवाळांच्या देहातील सूक्ष्म शैवाले यामुळे निळ्या प्रकाशास सरावलेली असतात, आणि प्रवाळांच्या टाक्यांवरील दिवे निळसर असतात ते याच कारणाने. अनेकजण हाच निळा दिवा आश्रयकुंडावरही लावतात व शैवाल वाढत नाही म्हणून हळहळतात. आश्रयकुंडाची खोली वीस सेंटिमीटरांच्या आतबाहेर असते. एवढ्या पाण्यात तांबड्या प्रकाशाचा दहावा हिस्सादेखील नष्ट होत नाही. मग उथळ पाण्यात वाढणाऱ्या हिरव्या शैवालास त्याचा आवडता तांबडा प्रकाश का नाकारावा? तांबड्या व निळ्या एलईडींचा मिश्र दिवा, किंवा रोपवाटिकेसाठी मिळणारा दिवा, उत्तम. परंतु पिवळसर पांढरा साधा एलईडी दिवाही चांगले काम देतो, कारण त्याच्या प्रकाशात तांबड्याचा अंश पुरेसा असतो. प्रवाळांसाठी बनविलेल्या महागड्या दिव्याची येथे गरज नाही. तांबड्या जातीचे शैवाल, उदाहरणार्थ ग्रॅसिलारिया, पाळल्यास त्याच्यातील वेगळी रंगद्रव्ये हिरवा प्रकाशही उपयोगात आणतात. त्याच्यासाठी पांढरा प्रकाशच श्रेयस्कर.

दिव्याचा रंग ठरला तरी तेवढ्याने भागत नाही. शैवालाचा गोळा दाट झाला की वरचा थर सर्व प्रकाश अडवितो, आतील भाग अंधारात राहतो व कुजू लागतो. कुजलेले शैवाल घेतलेला मळ पाण्यास परत करते, म्हणजे केलेले सर्व काम वाया जाते. म्हणून पाण्याचा प्रवाह असा असावा की, गोळा हळूहळू फिरत राहील व त्याची प्रत्येक बाजू आळीपाळीने प्रकाशात येईल. दिवा कुंडावर नीट झाकून बसवावा. त्याचे किरण नळ्यांवर किंवा शेजारच्या भागांवर पडल्यास तेथे नको असलेले शेवाळ माजते. तसेच आरंभापासून दिवा प्रखर ठेवू नये. नव्याने आणलेले शैवाल तीव्र प्रकाशात फिकट पडते. थोड्या तासांपासून सुरुवात करून काही आठवड्यांत वेळ वाढवीत न्यावी.

दिवा केव्हा लावावा, यासंबंधी माझे मत निश्चित आहे : तो रात्री लावावा. मुख्य टाकीतील दिवे मालवले की तेथील प्रकाशसंश्लेषण थांबते. प्राणी मात्र रात्रभर श्वसन करीतच राहतात. त्यातून निघालेला कर्बाम्ल वायू, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, पाण्यात साठतो व पाण्याचा सामू उतरतो. दिवसा ८.२ च्या आसपास असलेला सामू पहाटेपर्यंत ७.९ वर किंवा त्याहूनही खाली येऊ शकतो. प्रवाळ आपला चुनखडीचा सांगाडा बांधीत असतात, आणि सामू उतरला की ते काम त्यांना जड जाते. रात्री नऊपासून सकाळी नऊपर्यंत आश्रयकुंड उजळलेले असेल, तर तेथील शैवाल हा वायू शोषून घेते व प्राणवायू सोडते, आणि चढउताराची धार बोथट होते. उत्तर भारतातील घरांना ही गोष्ट विशेष लागू पडते. उन्हाळ्यात वातानुकूलनासाठी आणि हिवाळ्यात थंडीसाठी दारेखिडक्या बंद असतात. माणसांच्या श्वासाने खोलीतील हवेत कर्बाम्ल वायू वाढतो व तोच पाण्यात उतरतो. ज्या घरात टाकी आहे, तेथे दिवसातून एकदा खिडकी उघडणे हाही एक उपचार आहे, आणि तो फुकट आहे.

रात्री दिवा लावण्याने दुसराही लाभ होतो. चंडीगडच्या परिसरात मे-जून महिन्यांत दुपारचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते, तर प्रवाळांस साधारणपणे २४ ते २७ अंशांचे पाणी मानवते. दुपारच्या उष्णतेत आणखी एका दिव्याची भर न घालणे हे शहाणपणाचे. एलईडी दिवे पूर्वीच्या दिव्यांहून फार कमी तापतात, हे खरे. तथापि ज्या टाकीला थंड करणे आधीच खर्चाचे आहे, तेथे थोडी बचतही मोलाची असते.

आता थोडे गणित करू, कारण मत कितीही आवडीचे असले तरी गणितापुढे त्याने नम्र असले पाहिजे. दोनशे लिटरांच्या टाकीत दररोज एक ग्रॅम कोरडे खाद्य टाकले जाते असे समजा. त्यात ४५ टक्के प्रथिने असतील, आणि प्रथिनांत सुमारे १६ टक्के नत्र असतो, तर दररोज ०.०७२ ग्रॅम व आठवड्यात सुमारे ०.५ ग्रॅम नत्र टाकीत येतो. तो सर्व नायट्रेट झाल्यास त्याचे वजन २.२ ग्रॅम होईल, म्हणजे दर लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम. आता त्याच आठवड्यात आपण आश्रयकुंडातून पाणी निथळलेले शंभर ग्रॅम शैवाल कापून काढले असे धरू. वाळविल्यावर ते दहा ग्रॅम भरते आणि त्यात दोन ते तीन टक्के नत्र आहे असे मानल्यास ०.२ ते ०.३ ग्रॅम नत्र टाकीबाहेर गेला. आलेल्या नत्राच्या हे साधारण निम्मे झाले.

या हिशेबातून दोन गोष्टी निघतात. पहिली, आश्रयकुंड उपयोगी आहे, पण सर्वसमर्थ नाही. माशांची संख्या व अन्नाची मात्रा आवरणे हे आपले काम ते करू शकत नाही. दुसरी, दिव्याइतकीच कात्री महत्त्वाची. शैवाल हिरवेगार दिसते म्हणून कौतुकाने तसेच ठेवणारा मनुष्य आणि पिकलेले शेत न कापणारा शेतकरी यांत फरक नाही. दर आठवड्यास किंवा पंधरवड्यास कापणी झालीच पाहिजे, आणि तिचे वजन वहीत नोंदले पाहिजे. त्या आकड्यांवरून टाकीची प्रकृती समजते.

या मतावर आक्षेप आहेत व ते विचारात घेण्याजोगे आहेत. कोणी म्हणेल की, आश्रयकुंडापेक्षा पाणी बदलणे सोपे. पाणी बदलणे आवश्यकच आहे. त्याने उणे पडलेले सूक्ष्म क्षार भरून निघतात. पण केवळ त्याच्यावर विसंबल्यास काय होते? दोनशे लिटरांतील पाचवा हिस्सा, म्हणजे चाळीस लिटर पाणी बदलले, तर नायट्रेट फक्त पाचव्या हिश्श्याने घटते, आणि त्यासाठी सुमारे दीड किलो क्षार दर वेळी लागतात. हा क्षार समुद्राकाठी समुद्रास परत जातो. एयरोसिटीत तो गटारात व अखेरीस गोड्या पाण्याच्या प्रदेशात जातो. ज्या भूमीला समुद्राशी सहज देवघेव करता येत नाही, तेथे खारे पाणी जपून वापरावे हे उचित होय.

दुसरा आक्षेप विजेचा. पंधरा वॅटचा दिवा बारा तास लावला तर दिवसाला ०.१८ युनिट व महिन्याला सुमारे साडेपाच युनिटे वीज जळते. टाकीतील अन्य साधनांच्या मानाने हा खर्च अल्प आहे. तिसरा आक्षेप असा की, मळ काढणारी यंत्रे व रसायने बाजारात मिळत असता शैवालाचा व्याप कशाला? यंत्रांचा मी विरोधक नाही. पाण्याचा फेस करून त्यातील सेंद्रिय मळ काढणारे स्किमर हे यंत्र उत्तमच आहे. परंतु पाण्यात विरलेले नायट्रेट त्याच्या हाती लागत नाही, आणि रसायनांची पुडी संपली की पुन्हा दुकान गाठावे लागते. शैवाल मात्र स्वतःच वाढते, आणि त्याच्या गुंत्यात जे बारीक कवचधारी जीव पैदा होतात ते प्रवाहाबरोबर मुख्य टाकीत जाऊन माशांचे जिवंत अन्न बनतात. हे कोणत्याही यंत्रास साधत नाही.

चौथा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. दिवा लावूनही पुष्कळांचे शैवाल वाढत नाही. याचे कारण बहुधा प्रकाशात नसते. सजीवाची वाढ ज्या घटकाची सर्वांत अधिक टंचाई असेल त्यावर ठरते. १९८३ मध्ये ॲटकिन्सन व स्मिथ यांनी सागरतळीच्या वनस्पतींच्या देहातील कार्बन, नत्र व स्फुरद यांच्या अणूंचे सर्वसाधारण प्रमाण ५५० : ३० : १ असे दाखविले. यांपैकी एखादा घटक पाण्यात शून्यावर आला, किंवा लोहासारखा अल्पांश संपला, की दिवा दुप्पट केला तरी शैवाल वाढत नाही. उलट फिकट पडून मोडू लागते. अशा वेळी दिव्याचे तास कमी करावेत व पाण्याची परीक्षा करावी. नायट्रेट व फॉस्फेट पूर्णपणे नाहीसे करणे हा हेतूही नव्हे. प्रवाळांतील शैवालांनादेखील त्यांचा किंचित अंश लागतो.

वीज गेल्यास काय, असा प्रश्न व्यवहारी वाचक विचारील. त्याचे उत्तर प्रांजळपणे दिले पाहिजे. अशा प्रसंगी आश्रयकुंडातील दिव्याचा क्रमांक पहिला नाही. प्रथम पाण्याची हालचाल व हवा चालू राहिली पाहिजे, कारण प्राणवायूवाचून मासे काही तासांतच दगावतात. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असावा. एक रात्र दिव्यावाचून गेली तर शैवालाचे फारसे बिघडत नाही.

येथवर मी टाकीची बाजू मांडली. आता जी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते, ती सांगतो. टाकीत ठेवलेला प्रवाळ कोठून आला? प्रवाळखडकांनी सागरतळाचा एक टक्काही भाग व्यापलेला नाही, तरी सागरी जीवांच्या सुमारे चौथ्या हिश्श्याच्या जाती त्यांच्या आश्रयाने जगतात. समुद्राचे पाणी तापू लागल्यामुळे ते विरंजित होऊन मरत आहेत. १९९८ मध्ये लक्षद्वीपच्या प्रवाळांची अशी मोठी हानी झाली, आणि जगभर पसरलेल्या विरंजनाची चौथी लाट चालू असल्याचे एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाले. महाराष्ट्रालाही हा विषय परका नाही. मालवणच्या किनाऱ्यावर प्रवाळ आहेत. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरांवर, कान्होजी आंग्रे यांच्या घराण्याचे नाव धारण करणारा आंग्रिया बँक हा बुडालेला प्रवाळप्रदेश आहे. आणि खुद्द मुंबईत, वरळी व हाजीअली येथील खडकांवरचे प्रवाळ २०२० मध्ये किनारी रस्त्याच्या कामासाठी दुसरीकडे हलवावे लागले.

आपल्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली २००१ पासून सर्व दगडी प्रवाळांना, काळ्या प्रवाळांना, अग्निप्रवाळांना व समुद्रपंख्यांना वाघाच्या बरोबरीचे संरक्षण आहे. दगडी प्रवाळांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारासही परवान्याचे बंधन आहे. तेव्हा ज्याचे मूळ व परवाना विक्रेत्यास लेखी दाखविता येत नाही, असा प्रवाळ कोणीही घरात आणू नये. ‘एवढासा तुकडा’ ही सबब पटण्यासारखी नाही, कारण खडक तुकड्या-तुकड्यानेच झिजतो.

यावर माझी सूचना अशी आहे. ज्यास प्रवाळांची हौस आहे त्याने प्रथम मुख्य टाकी, आश्रयकुंड व त्याचा दिवा एवढेच मांडावे. एकदोन लहान मासे पाळावेत. आणि सहा महिने केवळ शैवाल वाढवावे. या काळात दर आठवड्यास कापणीचे वजन, नायट्रेट व सकाळ-संध्याकाळचा सामू वहीत लिहावा. ज्याच्या वहीतील आकडे स्थिर झाले, त्यालाच पुढे जाण्याचा अधिकार आहे. ज्याला सहा महिने शैवाल सांभाळता आले नाही, त्याच्या हाती शतकानुशतके वाढू शकणारा जीव देणे अन्यायाचे ठरेल.

शाळांनी तर प्रवाळाच्या वाटेस जाऊच नये. शाळेला प्रवाळाविना सागरकुंड पुरेसे आहे, किंबहुना अधिक उपयोगी आहे. दोन काचेच्या बरण्यांत कृत्रिम समुद्रजल घेऊन प्रत्येकीत समान वजनाचे कीटोमॉर्फा ठेवावे. एकीवर पिवळसर पांढरा व दुसरीवर निळा, असे सारख्याच वॅटचे दिवे ठरलेले तास लावावेत. दोहोंत खाद्याची समान चिमूट टाकावी व दर आठवड्यास शैवालाचे वजन करावे. बाष्पीभवनाने घटलेले पाणी गोड्या पाण्याने भरावे, म्हणजे खारेपणा वाढणार नाही. शैवाल किनाऱ्यावरून ओरबाडून आणू नये. टाकी पाळणाऱ्यांकडे कापणीचे शैवाल नेहमीच शिल्लक असते. एंगेलमान यांनी सूक्ष्मदर्शकाखाली जे पाहिले, ते मुले तराजूवर पाहतील.

एक इशारा मात्र विसरता कामा नये. कापलेले शैवाल उन्हात पूर्ण वाळवून, गोड्या पाण्याने धुऊन कुंडीच्या खतात घालावे. गटारात, ओढ्यात किंवा सहलीला गेल्यावर समुद्रात टाकू नये. १९८४ मध्ये मोनॅकोच्या किनाऱ्यापाशी कॉलर्पा टॅक्सिफोलिया या शैवालाचा एक लहानसा पट्टा आढळला, आणि पुढे भूमध्य समुद्राच्या तळाचे विस्तीर्ण क्षेत्र त्याने व्यापले. २००० मध्ये तेच शैवाल कॅलिफोर्नियाच्या खाड्यांत सापडले. ते निपटून काढण्यास २००६ साल उजाडले. आपल्याकडे मन्नारच्या आखातात लागवडीसाठी आणलेले कॅपाफायकस हे परदेशी शैवाल कुरुसडई बेटाच्या जिवंत प्रवाळांवर पसरल्याचे २००८ मध्ये नोंदले गेले. कॉलर्पा जातीचे शैवाल आश्रयकुंडात अचानक बीजपेशी सोडून एका रात्रीत विरघळल्यासारखे होते व पाणी नासवते, हे त्याला दूर ठेवण्याचे आणखी एक कारण आहे.

एयरोसिटीतील एखाद्या घरात रात्री सर्व दिवे मालवल्यावर टाकीखालच्या कपाटाच्या फटीतून किंचित प्रकाश दिसत असेल, तर त्या घरातील मुलाला तो दिवा कशासाठी आहे हे अवश्य सांगावे. माशांनी जे खाल्ले त्याचे पुढे काय होते, ते कोण उचलते आणि त्यासाठी काय द्यावे लागते, हे त्याला त्या कपाटाचे दार उघडून दाखविता येईल. वरच्या टाकीतील रंगीत मासे तो आपण होऊनच पाहील. खालचा हिरवा गुंता त्याला वडीलधाऱ्यांनी दाखविला पाहिजे, आणि कापणीच्या दिवशी कात्री व वही त्याच्याच हाती दिली पाहिजे.